ठाणे, कल्याण, डोंबिवली : अधिक माणूसवेल्हाळ शहर कोणते?

१/ ठाणेकर म्हणतो, आमच्याकडे तलावपाळी आहे. डोंबिवलीकर म्हणतो, आमच्याकडे फडके रोड आहे. कल्याणकर दोघांकडे शांतपणे पाहतो आणि सांगतो की, ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात आमच्या बंदराचे नाव आहे. तुमची नावे शोधून दाखवा. मध्य रेल्वेच्या डब्यात हा वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला आहे. मंडळी, आजच्या धाग्यात तोच वाद जरा शिस्तीने तपासू. नव्याने राहायला आलेल्या माणसाला ही तीन शहरे आपलेसे कसे करतात? आणि तिघांच्या तऱ्हा निराळ्या का?

२/ अशी तुलना आधी कोणी केली आहे का? केली आहे, आणि ती अमेरिकेत. हार्वर्डचे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी २००० साली ‘बोलिंग अलोन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी अमेरिकेतील राज्यांची ‘सामाजिक भांडवला’नुसार क्रमवारी लावली. लोक मंडळांच्या सभांना जातात का, मित्रांच्या घरी ऊठबस आहे का, मतदान करतात का, अनोळखी माणसावर विश्वास ठेवतात का, अशा चौदा निकषांवर. उत्तर व दक्षिण डकोटा, मिनेसोटा, व्हर्मांट ही राज्ये वर राहिली; नेवाडा, मिसिसिपी, जॉर्जिया तळाशी गेली.

३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला या क्रमवारीपेक्षा तिचे स्पष्टीकरण अधिक मोलाचे वाटेल. पटनम यांना आढळले की, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिथे गुलामगिरीची पकड घट्ट होती, त्या राज्यांत विसाव्या शतकाच्या अखेरीसही परस्परविश्वास आणि मंडळांचे जाळे विरळ होते. माणसांनी एकत्र येऊ नये, अशीच ज्या व्यवस्थेची गरज होती, तिची सावली दीडशे वर्षे टिकली. म्हणजे ‘अमक्या गावची माणसे मुळातच मनमिळाऊ’ हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मिळूनमिसळून राहण्यालाही कारणे असतात, आणि ती शोधता येतात.

४/ पटनम यांचे आणखी एक निरीक्षण आपल्या फार जवळचे आहे. रोजच्या प्रवासात दहा मिनिटांची भर पडली की, सार्वजनिक कामांतील माणसाचा सहभाग सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे त्यांनी मांडले. आता मुंबईच्या मुख्य स्थानकापासूनची अंतरे पाहा : ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. जाऊन-येऊन अडीच-तीन तास गाडीत. पटनम यांच्या हिशेबाने डोंबिवलीकर केव्हाच संन्यासी व्हायला हवा होता. तो झाला नाही. का झाला नाही, हाच या धाग्याचा मुख्य प्रश्न आहे.

५/ प्रथम आकार लक्षात घ्या. १९०१च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १६,०११ आणि कल्याणची १०,७४९ होती. डोंबिवली तेव्हा आगरी-कोळी वस्तीचे, भातशेतीचे गाव. २०११ साली ठाणे महापालिका हद्दीत सुमारे १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे १२ लाख ४७ हजार माणसे मोजली गेली. म्हणजे या शहरांतील बहुतेक कुटुंबे गेल्या तीन-चार पिढ्यांत बाहेरून आलेली आहेत. इथे ‘मूळ स्वभाव’ शोधणे व्यर्थ. आलेल्या माणसाला बसायला जागा कोणी दिली, हे शोधायला हवे.

६/ तिन्ही शहरांना जोडणारा दुवा एकच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी आली. चौदा डबे, चारशे निमंत्रित. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पण रूळ आले तेव्हा ठाणे हे जिल्ह्याच्या कारभाराचे ठिकाण होते, कल्याण ही शतकानुशतकांची पेठ होती आणि डोंबिवली हे शेतांमधले खेडे होते. एकाच रेल्वेने तीन निरनिराळ्या अवस्थांतील वस्त्यांना गाठले. पुढे त्यांचा सहवास तीन निरनिराळ्या वळणांनी घडला, त्याचे मूळ इथे आहे.

७/ आधी कल्याण. प्राचीन बंदर, कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली. पेशवाईत सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांच्यामुळे गावात सुभेदारवाडा उभा राहिला. पारनाका, टिळक चौक, बाजारपेठ, कोकणी मुसलमानांचे मोहल्ले, काळा तलाव : इथला सहवास आळीचा. तुमचे घराणे कोणते, वाडा कुठला, यावरून ओळख ठरायची. अशा गावात ओळख पटली की ती घट्ट असते. मात्र पटायला वेळ लागतो.

८/ या आळीबाहेरचे पहिले दार उघडले वाचनाने. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, म्हणजे आगगाडी आल्यानंतर दहाच वर्षांनी. १९२६ मध्ये कल्याण गायन समाज स्थापन झाला. भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ होणारा देवगंधर्व महोत्सव आजही रसिकांना एकत्र आणतो. सुभेदारवाड्यात आता शाळा भरते आणि शतकाहून जुना सार्वजनिक गणेशोत्सवही होतो. एका सरदाराचा खासगी वाडा गावाची बैठक झाला. कल्याणच्या सामाजिक इतिहासाचे सार हवे असेल, तर या एका वास्तूचा प्रवास पाहावा.

९/ पण ही बैठक सर्वांची होती का? कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्या. १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी त्यांनी बंगालमधील सेरामपूर येथे भाषण केले. शिकणारी स्त्री रस्त्याने चालू लागली की लोक कसे जमतात, कशी हेटाळणी करतात, हे त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले होते. पुढे न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर या अपरिचित बाईने त्यांना लेकीसारखे घरात घेतले. ओळख कशी झाली? दातांच्या दवाखान्यात थांबलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती एक मासिक पडले आणि त्यात गोपाळराव जोशींचा पत्रव्यवहार छापलेला होता.

१०/ या प्रसंगावरून अमेरिका प्रेमळ आणि आपण कठोर, असा सोपा निष्कर्ष काढू नये. त्याच काळात त्याच देशात कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या शेजारी बसायची मुभा कित्येक ठिकाणी नव्हती. घेण्याजोगे सूत्र असे : कोणतेही गाव सर्वांना सारखे माणूसवेल्हाळ नसते. म्हणून तुलना करताना ‘कोणासाठी?’ हा प्रश्न पहिल्या निकषातच घालावा लागतो. हा प्रश्न मनात ठेवून आता पारसिकच्या डोंगराअलीकडे, ठाण्याला येऊ.

११/ ठाणे १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकले आणि १७७४ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून इथे कचेरी, न्यायालय, तुरुंग आले. आणि त्यामागोमाग वकील, कारकून, शिक्षक. या वर्गाला घराण्याच्या ओळखीपेक्षा संस्थेच्या सभासदत्वाची सवय अधिक. १८६६ मध्ये इथून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघू लागले. १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. भावे तेव्हा अवघे बाविशीचे. हेच पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते.

१२/ संस्था काय करते? ती ओळखीला नियम देते. वर्गणी भरा, सभासद व्हा; वाडा कुठला हे कोणी विचारणार नाही. ठाण्याने ही पद्धत शतकभर चालवली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात १९६०, १९८८ आणि २०१० अशा तीनदा भरले. रामभाऊ म्हाळगी यांच्या नावाची व्याख्यानमाला, घंटाळी परिसरातील आचार्य अत्रे कट्टा ही त्याच वंशाची अलीकडची रोपे. मामलेदार कचेरीच्या आवारात नावारूपाला आलेली मिसळसुद्धा याच कारभारी जगाची देणगी म्हणायला हवी.

१३/ आणि तलावपाळी. मासुंदा तलावाच्या एका अंगाला कोपिनेश्वर मंदिर, दुसऱ्या अंगाला १९७८ मध्ये उघडलेले गडकरी रंगायतन, हाकेच्या अंतरावर बाजार आणि स्थानक. तिकिटाशिवाय, वर्गणीशिवाय, काहीही विकत न घेता बसता येईल अशी जागा शहराच्या ऐन मध्यावर असणे, हे फार थोड्या शहरांच्या नशिबी येते. १९६२ नंतर वागळे इस्टेटच्या कारखान्यांमुळे जो कामगार ठाण्यात आला, त्याला ग्रंथसंग्रहालय कदाचित दूरचे वाटले असेल; तलावाचा कठडा मात्र त्याचाही होता.

१४/ आता डोंबिवली. तिच्याजवळ ना पेठ होती, ना कचेरी, ना सुभेदाराचा वाडा. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईत भाडी गोठली आणि भाड्यासाठी नव्या चाळी बांधणे मालकांना परवडेनासे झाले. १९६३ मध्ये मालकीच्या सदनिकांचा कायदा आला. गिरगाव, दादर, लालबाग येथील खोल्यांत न मावणारी पुढची पिढी कर्ज काढून मध्य रेल्वेच्या कडेला घर घेऊ लागली. कारकून, शिक्षक, बँकेतील नोकरदार : सगळे जवळपास एका वयाचे, एका ऐपतीचे, आणि सगळेच नवखे.

१५/ नवख्यांच्या गावाचा एक लाभ असतो : तिथे आधीपासून मांडी ठोकून बसलेले कोणी नसते. (आगरी-कोळी गावकरी होते; त्यांच्याकडे पुढे येऊ.) आलेल्यांनी चाळीची रीत सोबत आणली : गणपतीची वर्गणी, हळदीकुंकू, सामानाची देवघेव, उघडे दार. १९२४ पासूनचे गणेश मंदिर त्यांचे केंद्र झाले. घरातली कमावती माणसे बारा-बारा तास बाहेर. मग दिवसाचे शहर गृहिणींनी आणि निवृत्तांनी चालवले. ठिकठिकाणची पोळी-भाजी केंद्रे आणि फिरती वाचनालये याच गरजेतून आली. कथाकार शं. ना. नवरे इथलेच रहिवासी होते.

१६/ पण डोंबिवलीची खरी चावडी शहराच्या हद्दीबाहेर, रुळांवर भरते. पटनम यांच्या अमेरिकेत प्रवास म्हणजे बहुधा मोटारीत एकटा बसलेला माणूस. इथे वेळापत्रकाने शेकडो माणसांना रोज त्याच मिनिटाला, त्याच डब्याच्या त्याच दाराशी आणून उभे केले. वर्षानुवर्षे. यातून ‘ग्रुप’ जन्मला. मांडीवरच्या ब्रीफकेसवर पत्त्यांचा डाव, टाळांच्या साथीने भजन, दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणे. अर्ध्या वाटेवर बसलेल्याने उठून उभ्याला जागा द्यायची, हा कोणीही न लिहिलेला आणि तरी पाळला जाणारा कायदा.

१७/ इतिहासाच्या दृष्टीने हे विलक्षण आहे. कल्याणची ओळख आळीने दिली, ठाण्याची सभासदत्वाने. डोंबिवलीची ओळख वेळेने दिली. तुम्ही कितीच्या गाडीचे, यावरून तुमचे सोबती ठरतात. आडनाव उशिरा कळते, कधी कळतही नाही. ग्रुपमधला एखादा चार दिवस दिसला नाही की, त्याच्या घरी फोन जातो. प्रवासाने समाज तुटतो हे पटनम यांचे म्हणणे चूक नव्हे. एकट्याचा प्रवास समाज तोडतो, एवढी दुरुस्ती मात्र मध्य रेल्वेने त्यात केली.

१८/ स्त्रियांसाठी या डब्याचे मोल अधिक. सेरामपूरच्या त्या भाषणानंतर १०९ वर्षांनी, १९९२ मध्ये, आधी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेवर कल्याणसाठी महिला विशेष लोकल सुरू झाली. महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाते, भिशी लागते, नवरात्रात एका रंगाच्या साड्या नेसल्या जातात, डोहाळजेवणेही होतात. घर आणि कचेरी दोन्हींकडे ज्यांना बसायची उसंत नाही, त्यांची बैठक नेमकी या दोन्हींच्या मधल्या तासात भरते. ही जागा कोणी उदारपणे बहाल केली नाही. नोकरी करणाऱ्या बायकांच्या संख्येने ती मिळवली.

१९/ या चित्राची दुसरी बाजू लपवू नये. ग्रुप म्हणजे सोबत, तसा मक्ताही. नवख्याला दारातून आत सरकू न देणे, जागा अडवणे, आवाज चढवणे, हे रोज घडते. २००५ साली आलेल्या ‘डोंबिवली फास्ट’ या चित्रपटाचा नायक याच गर्दीतला, आणि पुरता एकटा. शिवाय गर्दी जीव घेते. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ धावत्या गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही दगावले. डब्यातल्या सोबतीचे गोडवे गाताना हे विसरलो, तर अपुऱ्या गाड्यांनाच आपण संस्कृती म्हणून मोकळे होऊ.

२०/ मग कोण बाहेर राहिले? डोंबिवलीच्या मूळ गावांतील आगरी-कोळी समाजाची गावदेवी, जत्रा, हळदीची गाणी यांचे स्वतंत्र आणि अतिशय दाट सामाजिक जग आहे. ‘सांस्कृतिक नगरी’च्या वर्णनात ते क्वचित दिसते. कल्याणलगतच्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले, पण कल्याणच्या आठवणींत ती ‘कॅम्प’च राहिली. रुळांनी गावे जोडली तशी तोडलीही : पूर्वेचे आणि पश्चिमेचे रहिवासी एकाच स्थानकावर उतरतात आणि दोन जिन्यांनी दोन निराळ्या गावांत जातात.

२१/ तरीही डोंबिवलीने या प्रदेशाला एक मोठी रीत दिली. १९९९ मध्ये आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघाली. पुढे ठाण्याने ती उचलली आणि गिरगावानेही. क्रम ध्यानात घ्या. गिरगावच्या चाळीतून निघालेल्या माणसांनी उत्सवाची सवय डोंबिवलीला नेली, तिथे तिला नवे रूप आले आणि ते रूप उलटपावली गिरगावात पोहोचले. उपनगर नेहमी मुंबईची नक्कल करते, असे मानणाऱ्यांनी हा प्रवास जरूर अभ्यासावा. २०१७ साली नव्वदावे साहित्य संमेलनही डोंबिवलीतच भरले.

२२/ तर निकाल काय? वाट्याला आलेल्या जागेनुसार तिघांचे गुण ठरतात. रुजायला वेळ देऊ शकणाऱ्यांसाठी कल्याण. पुस्तक, सभा, नाटक यांतून माणसे शोधणाऱ्यांसाठी ठाणे. कालच आलेल्या, रोज गाडी पकडणाऱ्या माणसासाठी डोंबिवली. आणि एकाच क्रमवारीत बसवायचेच असेल, तर माझे मत डोंबिवलीला. ज्या गावाकडे तळे नव्हते, वाडा नव्हता, त्या गावाने प्रवासातल्या सक्तीच्या तासांतून माणसे जोडली. दिलेल्या साधनांच्या मानाने ही कमाई सर्वांत मोठी.

२३/ पण ती सर्वांत नाजूकही आहे. मार्च २०२० मध्ये लोकल सामान्य प्रवाशांसाठी थांबली आणि वेळापत्रकावर उभी असलेली ही चावडी एका दिवसात नाहीशी झाली. ठाण्याचे तळे जागेवर होते, कल्याणचा वाडा जागेवर होता. आज घोडबंदर रस्त्याला आणि कल्याणच्या खाडीकडे उंच मनोरे उठत आहेत. त्यांत क्लबहाउस आहे, बाग आहे, आणि दाराशी नोंदवही घेतलेला पहारेकरीही आहे. अशा वसाहतीत शेजारी भेटतात, परका कधीच भेटत नाही. सभासद नसलेल्याला विनामूल्य बसता येईल अशी जागा नव्या आराखड्यांत किती उरली, यावर पुढच्या पन्नास वर्षांचा निकाल ठरेल.

२४/ शेवटी एक विनंती. वाचनालयांची इतिवृत्ते जपली जातात, संमेलनांच्या स्मरणिका निघतात. डब्यातल्या ग्रुपचे, आळीतल्या कट्ट्याचे, महिलांच्या भिशीचे दप्तर कोणीच ठेवत नाही. उद्याच्या इतिहासकाराला ही शहरे कशाने जगली, हे कळावे असे वाटत असेल, तर आपल्या घरातल्या ज्येष्ठांना विचारा : तुम्ही इथे आलात तेव्हा पहिली ओळख कोणाशी झाली, कुठे झाली, कोणत्या साली? उत्तर तारीख-ठिकाणासह लिहून ठेवा. इथे खाली लिहिलेत, तर कल्याण-ठाणे-डोंबिवलीचा वाद निदान पुराव्यांनिशी पुढे चालवता येईल.